बोलणं चालू असेपर्यंत

कोविडच्या काळात ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या क्वारंटाइन कॅम्पमध्ये सुनेत्रा व्हरांड्यातून अमेरिकन राजकारणाचं ऑनलाइन लेक्चर देत होती. "फिलिबस्टर म्हणजे सिनेटर बोलतच राहतो, आणि तो थांबेपर्यंत मतदान होऊ शकत नाही."

शेजारच्या खोलीबाहेर मुरलीधरकाका सकाळपासून फोन स्पीकरवर ठेवून बोलत होते. पुण्यात त्यांची बायको व्हेंटिलेटरवर होती, नर्सने फोन तिच्या कानाशी ठेवला होता.

"मी थांबलो की ती जाईल," ते सुनेत्राला म्हणाले आणि त्यांचा आवाजच बसला. फोनमधून ऐकू येणारी हृदयाच्या मॉनिटरची बीप मंदावली.

सुनेत्रा लेक्चर सोडून कठड्यावरून त्यांच्या फोनकडे वाकली आणि सुचेल ते बोलू लागली. "काकू, व्हेटो म्हणजे नकाराधिकार. कोरम म्हणजे..." बीप पुन्हा लयीत आली. ती श्वास घ्यायला थांबली.

"पुढे?" फोनमधून बाईचा आवाज आला.

काका पांढरेफटक पडले. "आवाज तिचाच आहे," ते कुजबुजले, "पण तिच्या घशात नळी आहे."

सुनेत्राने पुढचा शब्द सांगितला.