कोरं नख

"हात हलवू नकोस ना आत्या, फिस्कटेल!"

"अगं, नर्सच्या हाताला रंग? मेट्रनने बघितलं तर माझा कान उपटेल."

"आज तुझा नोकरीतला शेवटचा दिवस. उद्यापासून तिला तुझा कान सापडणारच नाही!"

आत्या हसली आणि तिने हात पुढे केला. असं आमच्या घरात फार क्वचित व्हायचं, म्हणून मी संधी साधली आणि दहाही नखं गडद निळी करून टाकली. संध्याकाळी पाचला तिच्या निरोपाचा कार्यक्रम होता आणि फोटोत माझी आत्या झकास दिसलीच पाहिजे, हा माझा हट्ट.

चौतीस वर्षं ती प्रसूतिगृहात होती आणि चौतीस वर्षं तिची नखं कोरी होती. ती नोकरीला लागली तेव्हा बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजणारं मशीन तिच्या वॉर्डात नव्हतं. बाईचं बोट खिडकीच्या उजेडात धरायचं आणि नखाचा रंग बघायचा. हीच विद्या तिने माझ्यावरही चालवली. गणिताच्या परीक्षेदिवशी माझं पोट दुखायला लागलं, की आई हळहळायची आणि आत्या मला खिडकीशी न्यायची. नख दाबायची, सोडायची, बघायची. "गुलाबी! उचल दप्तर." माझं एकही खोटं दुखणं त्या खिडकीपुढे टिकलं नाही.

निरोपाच्या दिवशी अर्धीच शाळा होती. आत्याचा डबा घेऊन मी थेट दवाखान्यात गेले. लेबर रूमच्या बाहेर नर्सचं टेबल, समोर बाक आणि आतल्या बाजूला जाड पडदा. पडद्याखालून फक्त पावलं दिसायची. बाकावर एक काकू मांडीवर पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. आत त्यांची सून होती.

आत्याने डबा उघडला, पहिला घास घेतला आणि हात थांबला.

"काय गं, खारट झालंय?"

"आवाज उतरला," म्हणाली आणि डबा तसाच टाकून आत गेली. आकडा पडला की मशीनचा सूरही पडतो, हे तिनेच मला सांगितलं होतं. पण मला फरक कळला नव्हता. मला फक्त टिक-टिक ऐकू येत होती.

"एक्क्याण्णव," आत डॉक्टर म्हणत होत्या. "मास्क लावा. अहो, कळा कमी करणारी पाठीतली सुई घ्या, मी मघापासून सांगतेय."

"नको! मी लुळी पडेन," सून रडत होती.

"राणी, इकडे बघ," हा आत्याचा आवाज. "कळ आली की तू धापा टाकतेस आणि कळ गेली की श्वास घ्यायचाच विसरतेस. तिथेच आकडा पडतो. बाळ तुझ्याच श्वासावर आहे ना? थांब, आधी हा चिमटा मी माझ्या बोटाला लावते. माझा आकडा बघ, मग तुझा तिथवर नेऊ."

ही तिची जुनी रीत. घाबरलेल्या बाईला आधी स्वतःचा आकडा दाखवायचा.

 मग सुनेचा आवाज, "सिस्टर... तुमचा तर सत्याऐंशी!"

"सिस्टर, तुम्हीच झोपा पलंगावर!" डॉक्टर म्हणाल्या.

आणि ती रडणारी बाई चक्क हसली. मी मात्र टेबलाशी गोठले. निळा रंग! माझाच पराक्रम! पडद्याआडून स्पिरिटचा वास आला.

"भाचीचे उद्योग," आत्या म्हणाली. "गडद रंगाने हे मशीन फसतं. आता बघ, पुसलेलं बोट. अठ्ठ्याण्णव. तुझी नखं कोरीच आहेत, म्हणून तुझा आकडा खरा."

"सुई घेतली तर माझाही वाढेल?"

"बऱ्याच जणींचा वाढतो. कळा सोसवल्या की श्वास जागेवर येतो. पण हो की नाही, ते तू म्हणायचंस."

"नको गं बाई!" काकू बाकावरून ओरडल्या. "जन्मभर कंबर धरून बसशील! आम्ही नाही का झालो मोकळ्या?"

पडद्यातून आत्याचं डोकं बाहेर आलं. "काकू, तुम्हाला किती वेळ लागला होता?"

"दोन दिवस. घसा बसला होता ओरडून."

"कुणी विचारलं होतं, काय हवंय म्हणून?"

काकूंनी पिशवीची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. मग खूप हळू म्हणाल्या, "तिला विचारा. ती म्हणेल तसं."

ती हो म्हणाली.

पडद्याखाली मला तिची लोंबकळती अनवाणी पावलं दिसली आणि त्यांच्यासमोर आत्याचे पांढरे बूट. "मांजरासारखी पाठ काढ. डोकं माझ्या खांद्यावर ठेव. कळ आली तर मला चाव, पण हलू नकोस." बूट जागचे हलले नाहीत. कितीतरी वेळ. मग टिक-टिक हळूहळू वर चढायला लागली, पायरी-पायरीने, आणि या वेळी ती मलाही ऐकू आली. बाकावर काकूंनी पदराने डोळे पुसले आणि मला दटावलं, "बघतेस काय? आत्याचा डबा झाक, माशा बसतील."

पावणेसहाला बाळ रडलं. कार्यक्रम तोवर रखडला होता, चहा थंडगार, मेट्रनचं भाषण अर्ध्यावर. फोटोत आत्याचे केस विस्कटलेले आहेत आणि हारावर ठेवलेल्या हातांची नऊ नखं निळी. उजव्या हाताची तर्जनी कोरी.

त्याला आता वर्ष होईल. दर रविवारी दुपारी आत्या स्वतःहून माझ्यापुढे हात पसरते. गुलाबी, जांभळा, एकदा तर चक्क पोपटी. हल्ली मशीनचे सूर नाहीत, तिला दुपारी झोप लागत नाही, म्हणून ती बोलत राहते आणि मी रंगवत राहते. उजव्या तर्जनीशी आले की मी ते नख कोरंच ठेवते आणि बाटलीचं झाकण लावते.

आत्या ते बोट खिडकीच्या उजेडात धरते. दाबते, सोडते, बघते.