सतराव्या थांब्याचा जामीनदार

फिरत्या ग्रंथालयाचा सतराव्या क्रमांकाचा थांबा मी बंद केला आणि त्याबद्दल जिल्ह्याच्या बैठकीत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. टाळ्यांचं आधीच सांगून टाकतो. शेवटी सांगायला ते बरं दिसणार नाही.

मी आमच्या शहराच्या ग्रंथालयाचा संचालक आहे. ग्रंथालयाकडे एक बस आहे. बसमध्ये साडेतीन हजार पुस्तकं, चालक स्लावेक आणि मुलांच्या विभागाची ल्येर्का. दर दुसऱ्या मंगळवारी ही बस द्रावा नदीकाठच्या गावांतून फिरते, प्रत्येक गावात वीस-पंचवीस मिनिटं उभी राहते आणि पुढे जाते. डिझेल आणि ल्येर्काचा पगार जिल्हा देतो. जिल्ह्याला आकडे आवडतात. मला जिल्ह्याहूनही जास्त आवडतात, कारण आकडे उलटून बोलत नाहीत.

गेल्या वर्षी जिल्ह्याने कळवलं की डिझेल महागलंय, एक थांबा कमी करा. दुसरा एखादा संचालक हळहळला असता. मी तक्ता केला. प्रत्येक थांब्यावर दर मिनिटाला किती पुस्तकं घरी नेली जातात, असा. ब्रेस्तोवका नावाचं गाव, म्हणजे सतरावा थांबा, सगळ्यात तळाला आलं. वर्षभरात अकरा पुस्तकं, त्यातली नऊ अग्निशमन दलाच्या कप्तानाने नेलेली. सगळी मधमाश्यांवर.

तक्ता पाहून ल्येर्का माझ्या खोलीत आली. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी आहे आणि मला साहेब म्हणते ते चिमटा काढल्यासारखं.

"साहेब, ब्रेस्तोवकाची पोरं वाचतात."

"अकरा पुस्तकं नेलीयत."

"नेतात असं कुठे म्हटलं मी? वाचतात. बसच्या पायरीवर, चाकाजवळ, जिथं जागा मिळेल तिथं. पंचवीस मिनिटं कुणी मान वर करत नाही. दुसऱ्या गावांतली पोरं पुस्तक घरी नेतात आणि खिडकीच्या फटीत कोंबतात, वारा लागू नये म्हणून."

"त्याची नोंद आहे?"

"कशाची? वाऱ्याची?"

त्या वेळी एक साधा प्रश्न विचारायचा होता. ती पोरं पुस्तकं घरी का नेत नाहीत? मी विचारला नाही. तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

ऑक्टोबरपासून थांबा बंद झाला. जिल्ह्याच्या संस्कृती विभागाच्या प्रमुख रुकाविनाबाई. टाळ्यांच्या त्या बैठकीत त्यांना तक्ता इतका पसंत पडला की मार्चमध्ये जिल्ह्यातल्या आठही ग्रंथालयांसमोर तो मीच मांडावा, असं ठरलं. सगळ्यांना तोच लागू होणार होता. आमच्यापुरतं म्हणजे ब्रेस्तोवका वेळापत्रकातून कायमचं जाणार होतं.

जानेवारीत नेहमीप्रमाणे बसमधली जुनी पुस्तकं काढायची यादी आली. नियम माझाच: पाच वर्षांत एकदाही घरी न गेलेलं पुस्तक रद्दीत. दोनशे चौदा नावं होती. खसखशीचा केक खाता खाता मी सही केली. सहीजवळ एक खसखशीचा दाणा चिकटून राहिला, तो नखाने काढला, आणि यादीवर मी खर्च केलेला वेळ म्हणजे तेवढाच. पुस्तकं कागदाच्या कारखान्यात गेली.

फेब्रुवारीत भाषणासाठी फोटो हवे होते म्हणून मी बसमध्ये बसलो. पुढच्या थांब्याचा रस्ता ब्रेस्तोवकातूनच जातो, हे नकाशावर मी पाहिलं होतं. खिडकीतून पाहिलं नव्हतं. अग्निशमन दलाच्या इमारतीपाशी वळण आहे. स्लावेकने वेग कमी केला. कठड्यावर सात मुलं दप्तरं घेऊन उभी होती. त्यांनी हात केले. एका मुलीने वहीचा कागद डोक्यावर धरला होता. त्यावर ठळक लिहिलेलं होतं: ८६.

"स्लावेक, थांबव."

"इथं थांबा नाही, साहेब."

"मी सांगतोय ना."

"आणि वेळापत्रकावर सही कुणाची? थांब्याबाहेर दार उघडलं तर जबाबदारी चालकाची, हेही तुम्हीच लिहिलंय. जाड अक्षरांत." त्याने दोनदा हॉर्न वाजवला आणि वळण घेतलं.

"चार महिने झाले, उभी राहतात," ल्येर्का म्हणाली. "आपण हॉर्न वाजवतो. तेवढीच सेवा."

"ते शहाऐंशी काय होतं?"

"तुमच्या तक्त्यात बघा ना, असेल."

रविवारी मी माझ्या गाडीने ब्रेस्तोवकाला गेलो. कागदवाली मुलगी सापडायला वेळ लागला नाही. मिर्ता, वय नऊ, आजीकडे राहते; आई आयर्लंडमध्ये माशांच्या कारखान्यात. आजीचं नाव याल्झा. तिने मला दारातच वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू बसवाला का?"

"मी ग्रंथालयाचा संचालक."

"म्हणजे बस बंद करणारा."

"...हो."

"बस मग. आधी खा. उपाशी माणसाशी बोलून समाधान होत नाही."

तिने चीज आणि कांदा पुढे ठेवला, वरून भोपळ्याच्या बियांचं तेल ओतलं. मी खाल्लं. मग तो प्रश्न अखेर विचारला, पाच महिने उशिरा. "आजी, मिर्ता पुस्तक घरी का आणत नव्हती?"

याल्झाआजी उठली. कपाटाच्या खणातून चार घड्या घातलेला एक कागद काढून तिने माझ्यासमोर उलगडला. आमचा अर्ज होता, बालवाचकाच्या सभासदत्वाचा. कोरा.

"मला चष्मा लागतो. तू वाच. इथं, खाली."

मी वाचलं. "'बालवाचकाच्या वतीने मी जामीनदार म्हणून, माझ्या सर्व मालमत्तेनिशी, पुस्तकाच्या परताव्याची हमी घेत आहे.'"

"कुठल्या गाढवाने लिहिलंय रे हे?"

"तज्ज्ञांनी," मी म्हणालो.

तज्ज्ञ मीच होतो. संचालक झालो त्या वर्षी तीन नकाशासंग्रह हरवले होते, त्या रागात लिहिलेलं वाक्य. 'सर्व मालमत्तेनिशी' हे शब्द सुचले तेव्हा मी खुर्चीत जरा मागे रेलून बसल्याचंही आठवतं.

"तुला ठाऊक नसेल, तू शहरातला," आजी म्हणाली. "आमच्या युरिनाने ट्रॅक्टरसाठी बँकेचं कर्ज काढलं. पाच जामीन लागत होते. शेजारी आला, बाटली घेऊन आला, नाही कसं म्हणायचं? केल्या सह्या. अर्ध्या गावाने त्याच्या-ह्याच्यासाठी केल्या. युरिना गेला जर्मनीला. ट्रॅक्टर कुठे गेला ते ट्रॅक्टरलाच ठाऊक. अकरा वर्षं माझ्या पेन्शनीतून कापलं. गाय याच दारातून नेली. तेव्हापासून या गावात कुणी कशावर सही करत नाही. पोस्टमन पार्सल घेऊन आला तरी आम्ही हात खिशात घालतो."

"पण हे फक्त पुस्तकाचं होतं, आजी."

"तो म्हणाला होता, फक्त ट्रॅक्टरचं आहे."

मी चीज खात राहिलो. खाणाऱ्याला बोलावं लागत नाही.

"मी मिर्ताला सांगितलं," आजी म्हणाली, "हात धू आणि तिथंच बसून वाच. घरी काही आणायचं नाही. सगळ्या पोरांना घरून हेच सांगितलेलं."

मिर्ता दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. "शहाऐंशी हे माझं पान आहे," ती म्हणाली. "मी रोझाच्या होडीचं पुस्तक वाचत होते. हिरवं, जाडं. एका मंगळवारी आठ पानं होतात. पूर आलाय, रोझा नदीच्या मधोमध आहे आणि दोरी तुटलीय. मग बस यायची थांबली. ल्येर्काताईंना पान लक्षात राहावं म्हणून दाखवत होते." ती जरा जवळ आली. "ती पोचते ना पलीकडे?"

"मी ते वाचलेलं नाही."

"तुम्ही तिथले सगळ्यात मोठे साहेब ना?"

"म्हणूनच."

मी आजीला म्हटलं, अर्ज बदलतो, जामीनदार हा शब्दच काढून टाकतो, मग कराल ना सही? ती म्हणाली, "आता तू कोरा कागद आणलास तरी नाही." आणि निघताना तेलाची एक बाटली हातात दिली. ती मी घेतली. नको म्हणायचीही लाज वाटली आणि घेतल्याचीही वाटली.

मार्चमध्ये जिल्ह्याच्या सभागृहात मी माझा तक्ता दाखवला आणि त्यात एक नवा रकाना घातला: 'जागेवर वाचलं'. ब्रेस्तोवकासमोर ल्येर्काच्या आठवणीवरून आकडा लिहिला, प्रत्येक फेरीला सात मुलं. म्हटलं, तिथले लोक कागदावर सही करायला घाबरतात म्हणून मुलं पुस्तकं नेत नाहीत; आपण नेणं मोजतो, वाचणं मोजत नाही; थांबा परत द्यावा. कोणता कागद आणि तो कुणी लिहिला, हे कुणी विचारलं नाही. मीही आपणहून सांगितलं नाही.

रुकाविनाबाईंनी चष्मा काढला. "तिहोमिर, पुस्तक नेलं की संगणकात उमटतं. पायरीवर बसलेलं पोर कशात उमटणार? उद्या आठही संचालक पायऱ्यांवर पोरं बसवतील."

"पुस्तकं देऊन बसवली तर बिघडलं कुठे?" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

"आकड्याची हमी कोण घेणार?"

बाकीचे सातही संचालक आपापले कागद चाळू लागले. याल्झाआजीच्या दारात युरिना बाटली घेऊन उभा राहिला असेल तेव्हा तिलाही बहुधा हेच वाटलं असावं: नाही कसं म्हणायचं?

"मी घेतो," मी म्हणालो.

बाईंनी दोन दिवसांत कागद तयार करून पाठवला. वर्षभरासाठी थांबा सुरू. एखाद्या फेरीला सातपेक्षा कमी वाचक आढळल्यास त्या फेरीचा खर्च जामीनदाराच्या वेतनातून. सोबत त्यांची चिठ्ठी होती: 'भाषा तुमच्या बालवाचकांच्या अर्जावरून घेतली आहे. फारच चोख आहे.' मी सही केली. या वेळी खात काही नव्हतो.

एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी बस ब्रेस्तोवकाला थांबली. नोंदवही घेऊन मी स्वतः आलो होतो. सातही मुलं हजर होती; ओरडली नाहीत की धावली नाहीत. रांगेने आली, प्रत्येकाने ल्येर्कासमोर आधी हात उलटसुलट करून दाखवले, मग पुस्तकं घेतली आणि आपापली जागा पकडली. जणू मधले सहा महिने सुट्टी होती. याल्झाआजीही मजा बघायला आली होती.

"सही केलीस म्हणे?" तिने मला विचारलं. "ल्येर्का सांगत होती. सगळ्या पगारानिशी?"

"हो, आजी."

"वेडा का रे तू? घरी कुणी शिकवलं नाही?"

मिर्ता सरळ आत गेली होती. हीटरशेजारचा खालचा कप्पा, डावीकडून तिसरं. तिचा हात तिच्या आधी तिथे पोचला आणि तिथेच राहिला. मग तिने शेजारची दोन पुस्तकं बाजूला करून मागे पाहिलं.

"ल्येर्काताई, रोझाचं पुस्तक?"

ल्येर्काने संगणकात पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पडद्यावर काय होतं ते मला वाकून बघावं लागलं नाही. जानेवारीची तारीख होती आणि नाव माझं होतं. सात मुलांनी हाताळलेलं, एकीने शहाऐंशी पानं वाचलेलं ते पुस्तक, पाच वर्षांत एकदाही घरी न गेलेलं. मला तो खसखशीचा दाणा दिसला.

"कुणी घरी नेलंय का?" मिर्ताने विचारलं.

ल्येर्काने पडदा बंद केला. उत्तर मलाच द्यायचं होतं.

"हो," मी म्हणालो. "नेलंय."

मला वाटलं, तिचा चेहरा पडेल. उलट खुलला. "मग आणून देतील! त्यावर जामीन कोण आहे?"

"मी आहे."

"अजून एक!" आजी दारातून म्हणाली आणि कपाळाला हात लावला.

ल्येर्काने मिर्तापुढे तीन-चार पुस्तकं धरली, एक कोल्ह्याचं, एक सर्कशीचं. मिर्ताने एकेक नीट पाहून परत केलं. "आत्ता दुसरं सुरू केलं तर रोझाचं काय?" असं म्हणून ती पायरीवर जाऊन बसली, धुतलेले हात मांडीवर ठेवून. "मी थांबते."

मी मनात जुन्या पुस्तकांच्या दुकानांची यादी करत होतो. झाग्रेबमध्ये दोन ओळखीची होती, वाराझ्दिनमध्ये एक. कागदाच्या कारखान्याचा नंबर तर पाठच होता.

तीन पस्तीसला स्लावेकने हॉर्न वाजवला. मुलांनी पुस्तकं जागच्या जागी ठेवली. मी नोंदवही उघडली. पायरीवर पंचवीस मिनिटं बसलेल्या मुलीला वाचक धरायला कुणाची हरकत नव्हती. ल्येर्का दुसरीकडे बघत होती, स्लावेक समोर रस्त्याकडे.

'जागेवर वाचलं' या रकान्यात मी सहा लिहिले आणि खाली सही केली.