जुनी फणी, नवी पेटी

आता प्रकाशाची फणी पेटीत तयार मिळते. बटण दाबा, झालं! आमच्या वेळी प्रयोगशाळेत अख्खं टेबल लागायचं, वर आरशांची ही दाटी, आणि कुणी नुसतं शिंकलं तरी आमचे सर अंगावर धावून यायचे. काय दिवस होते ते!

फणी म्हणजे काय, तर एका लेसरमधून सारख्या अंतरावरचे लाखो रंग काढायचे, कंगव्याच्या दातांसारखे. मोजायचा प्रकाश कुठल्या दाताजवळ पडतो ते बघितलं की त्याचं अचूक माप हातात. सरांनी उमेदीची सगळी वर्षं यात घातली. त्यांची बायको म्हणायची, "डोक्यावर केस उरले नाहीत, आणि फण्या कसल्या करताय!"

सर निवृत्त झाले, मग अर्धांगाने त्यांचा उजवा हात गेला. इकडे नवी पेटी आली. वरून फर्मान सुटलं: जुन्या फणीने आणि पेटीने एकच लेसर एकदा शेजारी-शेजारी मोजा. आकडे जुळले तरच सरांची आजवरची मोजमापं धरायची, नाहीतर रद्दी. दुपारी टेबल न्यायला माणसं येणार, आणि फणी काही केल्या उमटेना. शेवटी मी सरांनाच बोलावलं.

आमचा लेसर नुसता पेटून भागत नसे. एका आरशाला टिचकी मारली की उजेडाचे ठोके पडू लागायचे, आणि त्यातून फणी उमटायची. ती टिचकी कायम सरांची.

"मार," सर म्हणाले.

मारली. लेसर ढिम्म.

"अगं, पाहुण्यासारखं काय दार वाजवतेस? घरचं आहे ते!"

"आणि आरसा फुटला तर?"

"फुटू दे. तुझ्या बापाचं काय जातंय?"

असा संताप आला मला! त्या तिरमिरीतच टिचकी हाणली. पडद्यावरची तांबडी रेघ पसरत गेली आणि रुंद पट्टा झाली. फणी उमटली! सर लहान मुलासारखे हसले. मला मात्र रडूच फुटलं.

तासभर मोजत बसलो. आकडे शेवटच्या घरापर्यंत जुळले.

"सर, तुमचं सगळं खरं ठरलं!"

"म्हणजे पेटीही खरी ठरली," सर म्हणाले. "आता या फणीची गरज नाही."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. टेबल न्यायला आलेली माणसं दारात उभी होती.

"बंद करा, सर. डावा हात चालतो की तुमचा."

"चालतो गं," सर म्हणाले. "पण तूच कर."