साडेचार पौंडांचं बोट

केंटकीच्या त्या डोंगरी खोऱ्यात रायफलच्या चापाचा निवाडा एल्झी कॉडिलचं बोट करायचं. माणसं नवा चाप बसवून त्याच्या ओसरीवर यायची. तो रिकामी रायफल हातात घ्यायचा, डोळे मिटून चाप ओढायचा आणि तो किती ओढीला सुटतो ते सांगायचा, "चार पौंड, बारा औंस." ताणकाटा लावून पाहावा तर अगदी तेवढंच. मग लोकांनी काटा लावणंच सोडलं, आणि देवाची करणी अशी की हळूहळू एल्झीनेही सोडलं.

त्या मंगळवारी लोरीन मॅगर्ड आली. खाणीत एल्झीच्या जोडीने तीस वर्षं छताला बोल्ट ठोकणाऱ्या अर्व्हिनची ही लेक. अर्व्हिन आता देवाघरी होता. शनिवारच्या नेमबाजीच्या सामन्यात चांगले गुण पडले तर राज्याच्या संघात तिची जागा पक्की होती, आणि या खोऱ्यातून तिथवर आजतागायत कुणी पोचलं नव्हतं.

"काका, दोन चाप आणलेत. कारखान्यातला जुना फार खरखरतो, वाळूत चालल्यासारखा. यातला कुठला बसवू?"

ओसरीवर शेजारचा टर्ली कोम्ब्स कॉफी पीत बसला होता. "विचार, विचार," तो म्हणाला. "काकांच्या बोटाला देवदूत कानात सांगतात."

एल्झीने पहिला चाप बसवून ओढला. एकाच दमात सुटणारा, वाळकी काटकी मोडावी तसा. "हा हरणासाठी. हरीण समोर थांबत नसतं." दुसरा दोन टप्प्यांचा. आधी सैल ओढ, मग एक थोपा, जिथे चाप अडल्यासारखा होतो, आणि थोप्यानंतर सुटका. आमच्याकडे रविवारी उपदेशक प्रवचन गाता गाता ओळीच्या टोकाला श्वास भरतो, सगळी मंडळी त्या श्वासावर टांगून राहते आणि मग शब्द कोसळतो, तसा तो थोपा. "हा घे. थोप्यावर थांबायचं, नेम नीट बसला की मगच पुढे जायचं. सामन्याला हाच."

"पण वजन? साडेचारच्या खाली गेला तर बाद करतील. काटा लावून बघता?"

काटा हाताशी खिळ्यालाच होता. पण टर्ली बघत होता, हसत होता. आणि एल्झीला एक गोष्ट ठाऊक होती, जी त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. वसंतापासून ते बोट मेलं होतं. खाणीतल्या इतक्या वर्षांच्या धडधडत्या यंत्राने नसा खाल्ल्या होत्या. सकाळी सदऱ्याचं बटण लावताना बटण आहे की नाही तेही कळायचं नाही.

"काटा?" तो म्हणाला. "तुझ्या बापाने कधी मागितला नव्हता." त्याने स्क्रू थोडा फिरवला, पुन्हा ओढून पाहिलं, खरं तर काहीच न कळता. "पावणेपाच. जा, निर्धास्त जा."

शनिवारी मैदानावर वजनाच्या टेबलाशी एल्झीच होता. रिकाम्या रायफलची नळी आभाळाकडे, चापाला साडेचार पौंडांचं वजन, आणि रायफल वर उचलायची. चापाने वजन तोललं तर आत, सुटला तर बाहेर. लोरीनची पाळी आली. त्याने वजन अडकवलं, रायफल उचलली.

खट्.

पुन्हा केलं. खट्. तिसऱ्यांदाही तेच.

"अगं बाई!" रांगेतून टर्ली ओरडला. "काकांकडून नेल्यावर स्क्रू सैल केलास होय? हलका चाप घेऊन संघात शिरायचं होतं? बाप तरी सरळ होता!"

दोघं-तिघं हसले. लोरीनने एल्झीकडे पाहिलं. 'काकांचंच चुकलंय' एवढे दोन शब्द तिच्या ओठांवर आले असतील. ते तिने गिळले. रायफल घेऊन ती गाडीकडे चालू लागली.

आणि एल्झी गप्प राहिला.

त्याने पुढची रायफल घेतली. वजन अडकवलं, उचललं. मग आणखी एक. पोरीने आपली अब्रू झाकली आणि आपण तिची उघड्यावर टाकली, हे त्याला पहिल्या 'खट्'लाच कळलं होतं, तरी हात यंत्रासारखे चालत होते. तिसऱ्या रायफलला वजन अडकवताना ते थांबले. प्रभूच्या अंगणात चोराला दानपेटी सांभाळायला बसवावं, तसा आपण या टेबलाशी बसलोय.

तो उठला. सामना चालवणारा हार्व्ह स्टिडम हाच रविवारी देवळात प्रवचन गायचा. एल्झीने टोपी काढली.

"हार्व्हभाऊ, मला उभं राहून बोलायचंय."

देवळातही चुकलेला माणूस असाच सगळ्यांसमोर उभा राहतो. हार्व्हने हात वर करून मैदान शांत केलं.

"तो चाप मी बसवला, हलका मीच ठेवला. तिने काटा लावायला सांगितलं होतं, मी लावला नाही. माझं हे बोट मेलंय. वसंतापासून. दिखाव्यापायी मी पोरीला फसवलं, आणि आत्ता तिला शिव्या बसत होत्या तेव्हा तोंड शिवून बसलो."

टर्ली जमिनीकडे बघू लागला.

"तिच्या तुकडीची पाळी शेवटी आहे," हार्व्ह म्हणाला. "नियमात दुरुस्तीला मुभा आहे. बोलवा तिला."

लोरीन आली. स्क्रू तिने स्वतः फिरवला. एल्झीने फक्त रायफल उभी धरली, दोन्ही हातांनी, बोट चापापासून लांब ठेवून. वजन तोललं गेलं.

पण गोळ्या झाडताना नव्या वजनाचा थोपा कुठे येतो ते तिच्या हाताला अजून माहीत नव्हतं. संघासाठी दोन गुण कमी पडले. फक्त दोन.

मंडळी एकेक करून आली, एल्झीचा हात हातात घेऊन गेली. टर्लीने तर मिठीच मारली, "म्हातारबा, बोट काय, माझं डोकंही कधीचं मेलंय," म्हणाला. इतकी माफी, इतकी सोपी, की एल्झीला मान वर करवेना. जिची मागायची होती ती गाडीत रायफल ठेवत होती.

तो तिच्याजवळ गेला. "लोरीन, पोरी..."

"आज नको, काका." तिचे डोळे लाल होते, आवाज मात्र सरळ. "बापाचं नाव घेऊन मला गप्प केलंत तुम्ही. ते जास्त लागलंय. सोमवारी मीच येईन, तेव्हा बोला."

"ये," तो म्हणाला. गाडी वळणाआड गेली तरी तो टोपी छातीशी धरून तिथेच उभा होता.