तेविसाव्या नंबरचा मामा

आमच्या लेकीचं, दिपालीचं, लग्न तीन दिवसांवर आलं आणि नवरीच्या मामाचा हॉलंडवरून फोन आला, "दाजी, हितं लई बर्फ पडलाय. समदी विमानं रद्द."

मी बायकोकडं पाहिलं. चांगुणा म्हणजे या मामाची, गहिनीनाथची, सख्खी थोरली बहीण. तिनं एवढंच विचारलं, "रुसला ना?"

आमच्या पाथर्डी भागात नवरीचा मामा लग्नाला आला नाही तर कारणं दोनच. एक तर तो वारला, नाहीतर पत्रिकेत त्याचं नाव चुकलं. बर्फ हे कारण आजवर कुणी दिलं नव्हतं.

आणि नाव चुकलंच होतं. कोल्हारचा हा गहिनीनाथ गाईगोठ्यांच्या अभ्यास दौऱ्यावर गेला, त्याच्या मागं मी पत्रिका छापली. छापखान्यात माझ्या शेजारी चांगुणाचा चुलतभाऊ कल्याण बसला होता. शेताच्या बांधावरून त्याचं आणि गहिनीनाथचं सहा वर्षं बोलणं नाही. मामांच्या यादीत कल्याण पहिला आला, तोही फोटोसकट. गहिनीनाथ गेला तेविसाव्या नंबरला, मानलेल्या मामांच्याही खाली. पत्रिका त्यानं अजून पाहिली नव्हती. पण हे कुणी मानायला तयार नव्हतं.

"दिपालीच्या मागं माजा सख्खा भाऊच उभा ऱ्हाईल," चांगुणा म्हणाली. "न्हाईतर मी अंतरपाट धरू देनार न्हाई."

गहिनीनाथनं पुरावा म्हणून फोटो पाठवला. सगळं पांढरंफटक, मधी तो कानटोपी घालून. कल्याणनं फोटो बोटांनी मोठा केला.

"दाजी, हे भंडारदऱ्याचं धुकं हाय. मी वळखतो."

"आरं, मागं गोरा पोलीस उभाय."

"पर्यटक आसंल."

लगेच आबासाहेबांना बोलावलं. रुसलेले पाहुणे मनवण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात कुणी धरत नाही. टॉवेल, टोपी, नारळ घेऊन ते जीपनं भंडारदऱ्याला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले, टॉवेल-टोपीशिवाय.

"सापडला का?" चांगुणा पळत पुढं.

"अकरा हाटेलं पाह्यली. मामा सापडला."

"व्हय?"

"पन आपला न्हाई. राहुरीच्या लग्नातला. पत्रिकेत नावच न्हवतं बिचाऱ्याचं. मनवला, टोपी घातली, धाडला लग्नाला."

मग व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडं सकाळचे दहा वाजले होते, तिकडं काळोख.

"धाला आंधार?" कल्याण माझ्या कानात. "खोटं बोलताना घड्याळ तरी बघावं मानसानं."

गहिनीनाथनं खिडकीतून बर्फ दाखवला. "कापूस," कल्याण म्हणाला. मी म्हणालो, एवढा कापूस असता तर हा हॉलंडला कशाला गेला असता?

चांगुणाला काही धीर धरवेना. मोबाईलपुढं पदर पसरून रडायलाच लागली. "गह्या, तुजं नाव खाली गेलं, चुकलं आमचं. पन एवढा राग धरू नको रं. ये!"

गहिनीनाथनं कानटोपी कानावरून वर सरकवली. मग म्हणाला, "आक्का, कसलं नाव?"

मी फोन कापला. "रेंज गेली," म्हणालो.

पाच मिनिटांत त्याचा मेसेज आला. "पत्रिका पाठवा." मी पत्रिकेच्या वरच्या गणपतीचा फोटो पाठवला. "खालचं पाठवा." मी हळदीच्या गडबडीत असल्याचं कळवलं.

देवाची कृपा, बर्फ उघडला. लग्नाच्या दिवशी पहाटे पाचला तो मुंबईत उतरला. मी आपली गाडी धाडलीच होती. निघता निघता त्यानं स्वतःहून मला लाइव्ह लोकेशन पाठवलं. "आता तरी इस्वास ठेवा!"

चांगुणानं मोबाईलला हळदीकुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं. निळा ठिपका कल्याण शहर ओलांडून माळशेज घाट चढला. मी मांडवात फिरता फिरता बघत होतो. आळेफाट्याला ठिपका चहाला थांबला.

तेव्हा मला आठवलं. लग्नाच्या गाडीत पुढं काचेपाशी काय ठेवलेलं असतं? पत्रिका! मीच ठेवली होती. टोलवाल्याला दिसावी म्हणून नावं वर करून.

ठिपका बराच वेळ हलला नाही. मग हलला. सरळ नगरकडं यायचा, तो डावीकडं वळला. संगमनेर. लोणी. साडेअकराला कोल्हारात, प्रवरेच्या अलीकडं, त्याच्या घरावर जाऊन बसला.

बाराला मेसेज आला. "दाजी, माळशेजला लई धुकं. गाडी हलत न्हाई. लग्न लावून घ्या."

मांडवावर असं ऊन होतं की भटजींनी उपरणं डोक्यावर घेतलं होतं. कल्याण कोपऱ्यात मामाचा फेटा बांधून तयारच उभा.

"काय म्हनतो?" चांगुणा आली. डोळे भरलेले. "कुठवर आला?"

मी ठिपक्यावर अंगठा ठेवला आणि मोबाईल बंद करून खिशात घातला.

"घाटात धुकं हाय," मी म्हणालो. "लई."

तीन दिवस बर्फावर विश्वास न ठेवणारी ती बाई. तिनं उन्हाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम निवळला.

"म्हंजी रुसला न्हाई तो," ती म्हणाली. "बिचारा. धुक्याला कोन काय करील! धरा अंतरपाट."