ज्या कागदावर अंगठा उमटला नाही

मी एक जुना टाइपरायटर आहे, मित्रांनो, आणि अजूनही मला स्वस्थ बसता येत नाही. कोणी कागद घेऊन जवळ आलं की मला आधी प्रश्न पडतो. हा कागद कसला असेल? याच्यावर काय उमटवायला लावतील? माझं वय झालं, रंग उडाला, पण ही धाकधूक काही गेली नाही. ती का लागली, तेच तुम्हाला सांगतो.

मुंबईच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या शेजारी इंग्रजी टाइपरायटर जोडले जात होते. मी मात्र मराठी. त्यामुळे माझं काम जरा अवघड. माझ्यावर बरीच अक्षरं दोन ठोक्यांत पुरी होतात. आधी अर्धं अक्षर मारायचं, मग त्याला काना द्यायचा. घाई करणाऱ्याचं आणि माझं कधी जमलं नाही.

सोलापुरात मी आलो तो एका टायपिंग क्लासात. तिथे पाच वर्षं मुलामुलींनी माझ्यावर बोटं बडवली. नंतर क्लास बंद पडला आणि बसप्पांनी मला घरी नेलं. बसप्पा कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देत. माझ्या येण्याने त्यांचं वजन वाढलं. दुष्काळात तर आमच्यापुढे माणसांची रांग असायची. कुणाला खडी फोडायच्या कामावर नाव घालायचं असायचं, कुणाच्या गावात टँकर पोहोचलेला नसायचा. बसप्पा ऐकत, मान हलवत आणि झरझर टाइप करत. माणसं म्हणत, “बसप्पांचा अर्ज साहेब बाजूला सारत न्हाय.” हे ऐकून मला किती बरं वाटायचं!

रोज संध्याकाळी बसप्पा मला सायकलच्या कॅरिअरवर बांधून साखर पेठेतल्या घरी आणत. घरात त्यांची पत्नी गौरम्मा आणि मुलगी नीलम्मा. १९७४ साली नीलम्मा कायद्याच्या वर्गात गेली. वर्गात चाळीस मुलगे आणि मुली फक्त तीन. संध्याकाळी माझा ताबा तिच्याकडे असे. ती सकाळचं वर्तमानपत्र समोर पसरायची आणि कागदाचे तीन भाग करायची. पहिल्या भागात ‘काय घडलं’, दुसऱ्यात ‘कायदा काय म्हणतो’ आणि तिसऱ्यात ‘मला काय वाटतं’. रेल्वेचा संप, धान्याची टंचाई, निवडणुकीचे खटले, काहीही असो, ती टाइप करत राहायची. दिवसभर मी दुसऱ्यांच्या तक्रारी उमटवत असे. संध्याकाळी एक मुलगी माझ्यावर विचार करत असे. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत चांगला काळ.

मग १९७५ चा जून महिना आला. देशात आणीबाणी लागू झाली. चार दिवसांनी नीलम्माने टाइप केलं, “आज अग्रलेखाच्या जागी कोरा चौकोन आहे. हा चौकोन मी तीनदा वाचला.” बसप्पांनी तो कागद पाहिला आणि दार लोटून घेतलं.

“नीला, असलं काही लिहू नकोस.”

“अप्पा, मी कुठं कुणाला वाटतेय? माझ्यापुरतं लिहितेय.”

“आपल्यापुरतं डोक्यात ठेव की. कागदावर कशाला पाहिजे?”

ती थांबली नाही. फक्त माझ्याखाली जाड घोंगडी घालू लागली, म्हणजे आवाज गल्लीत जाऊ नये.

त्याच गल्लीच्या टोकाला धोंडिराम राहत होता. गिरणीत साचेवाला, म्हणजे माग चालवणारा. मूळचा मंगळवेढ्याकडचा, बोलायला सडेतोड. गिरणीच्या दारात तो कामगारांच्या सभा घ्यायचा. सप्टेंबरातल्या एका सकाळी तो नळावर पाणी भरत असताना त्याला धरून नेलं. घागर तशीच नळाखाली भरून वाहत राहिली. आठ दिवसांनी त्याची बायको सोजरबाई आमच्या दारात आली.

“बसप्पाण्णा, आमच्या मालकास्नी कुटं ठिवलंय, येवढंच इचारायचं हाय. अर्ज करून द्या की.”

बसप्पा चष्मा पुसत राहिले. “बाई, हे मिसाचं, विनाचौकशी अटकेचं प्रकरण आहे. मी असल्यात पडत नाही.”

सोजरबाई उठली. तेवढ्यात नीलम्माने माझ्यात कागद घातला. “बसा काकू. तुम्ही सांगा, मी करते.” तो अर्ज चार ओळींचा होता. शेवटची ओळ मला आजही पाठ आहे: “माझे पती कोठे आहेत एवढेच कळावे.” दुसऱ्या दिवशी तो अर्ज मात्र बसप्पांनीच नेऊन दिला.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. धोंडिराम येरवड्याच्या तुरुंगात होता. कशासाठी, ते सांगायला सरकार बांधील नव्हतं. नीलम्मा सोजरबाईला म्हणाली, “काही उच्च न्यायालयांनी अजून दार उघडं ठेवलंय, काकू. आपण वाट बघू.” पण एप्रिलच्या शेवटी दिल्लीहून बातमी आली. अटकेत टाकलेल्या माणसाला आता कोर्टाकडे दाद मागता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल झाला होता. पाच न्यायमूर्तींपैकी एकच वेगळं म्हणाले होते. नीलम्माने टाइप केलं, “चार विरुद्ध एक. मी परीक्षेत यातलं काय लिहू?” मग तिने तो कागद माझ्यातून काढलाच नाही. सकाळी बसप्पांनी काढला, घडी करून खिशात घातला आणि मला कोर्टात नेलं.

मे महिन्यातली गोष्ट. ऊन इतकं की माझ्या कळांना हात लाववत नव्हता. झाडाखाली साध्या वेषातला एक माणूस येऊन बसला. आपलं नाव त्याने कधीच सांगितलं नाही. त्याने खिशातून एक मसुदा काढला. “हे टाइप करा. तीन प्रती.”

तो सोजरबाईच्या नावाचा जबाब होता. माझ्या नवऱ्याबरोबर गिरणीतले रामहरी आणि कोंडीबा हे दोघे गिरणी पेटवून द्यायचं ठरवत होते, ते मी माझ्या कानांनी ऐकलं, असं त्यात लिहिलेलं होतं. बसप्पांनी वाचलं.

“हे बाईंनी सांगितलंय?”

“तुम्हाला काय करायचंय? बाईला सांगा, नवरा सुटायचा अर्ज आहे. तो सुटेलही. उद्या दहा वाजता तुमच्या घरी अंगठा घेऊ. तुमची मुलगी वकील होणार म्हणे. सनद मिळायला चालचलणुकीचा दाखला लागतो, नाही का?”

बसप्पांनी कागदांत कार्बन घातले. मित्रांनो, मी तेव्हा जे करता येईल ते केलं. कागदावर अक्षर आपटणारे माझे दोन खिळे मी एकमेकांत अडकवले. बसप्पांनी ते बोटाने सोडवले. मी पुन्हा अडकवले. त्यांनी पुन्हा सोडवले. शेवटी मी हरलो. ज्या खिळ्यांनी “कोठे आहेत एवढेच कळावे” असं उमटवलं, त्याच खिळ्यांनी मी ते खोटं उमटवलं. अक्षर दोन्हीकडे सारखंच सुबक आलं. याची मला आजही लाज वाटते.

संध्याकाळी नीलम्माने बसप्पांचं दप्तर उघडलं आणि जबाब वाचला.

“अप्पा, हे काय आहे?”

“अर्ज आहे. धोंडिराम सुटेल.”

“आणि रामहरी, कोंडीबा आत जातील! सोजरकाकूंना माहीत आहे यात काय आहे ते?”

बसप्पा ओरडले, “मला बसायची जागा राहणार नाही! तुला सनद मिळणार नाही! मग काय करशील? तीन भागांचे कागद भरत बसशील?”

गौरम्मा मधे पडली. घाबरली की तिच्या तोंडी कानडीच यायची. “ब्याड, ब्याड,” ती म्हणत होती, नको, नको. कुणाला म्हणत होती, ते मला कळलं नाही. त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही.

सकाळी दहाच्या ठोक्याला तो माणूस आला. त्याने शाईची डबी उघडून ठेवली. सोजरबाई पदर सावरून खाली बसली होती. नवरा सुटणार असं बसप्पांनी सांगितलं म्हणून तिने धुतलेलं लुगडं नेसलं होतं. तिने अंगठा पुढे केला.

“थांबा,” नीलम्मा कागद उचलून म्हणाली. “ज्याला वाचता येत नाही त्याला आधी वाचून दाखवायचं असतं.”

“तू अजून वकील झालेली नाहीस,” तो हसून म्हणाला. “कागद ठेव खाली.”

नीलम्माने कागद खाली ठेवला नाही. तेवढ्यात बसप्पा उठले. त्यांनी तिच्या हातातून कागद घेतला. मला वाटलं, आता ते तो त्या माणसाला देणार. पण त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. ते एकेक शब्द सावकाश वाचत गेले, शेवटच्या तारखेपर्यंत.

सोजरबाईने अंगठा मुठीत घेतला.

“ह्ये मी कवा म्हनले? कोंडीबाच्या घरात तीन लेकरं हायती. मी न्हाय अंगठा देनार.”

“नवरा सुटणार नाही, बाई. विचार कर.”

तिने डबी हाताने मागे सारली. मग म्हणाली, “त्ये घरी आले अन् इचारलं, सोजर, मी कशानं सुटलो? तर काय सांगू त्यास्नी?”

तो माणूस उठला. त्याने जबाबाच्या तिन्ही प्रती खिशात घातल्या आणि मला उचललं. “हे मशीन तपासणीला नेतोय.” नीलम्माने पावती मागितली. तो जिन्याकडे वळला. मी त्याच्या काखेत होतो, तरी मला दिसलं की ती खाली बसून स्वतःच्या हाताने तारीख, वेळ आणि माझा नंबर लिहून घेत होती, आणि गौरम्मा व सोजरबाई साक्षीला दोन बाजूंनी उभ्या होत्या.

पुढचे चौदा महिने मी पोलीस ठाण्यातल्या एका कोंदट खोलीत काढले. मोडक्या सायकली, रॉकेलचे डबे आणि मी. रिबीन वाळून कडक झाली. उंदरांनी माझ्या खिळ्यांखाली घर केलं. अंधाराचं मला फार वाटलं नाही. पण बाहेर काय चाललंय ते कळत नव्हतं, त्याने जीव कासावीस व्हायचा. धोंडिराम कुठे? नीलम्मा पास झाली का? बसप्पांचं काय झालं? एकदा दाराबाहेर दोन शिपाई बोलत होते. “सरकार पडलं म्हनं.” “आता आपण लोकांना कुणाची भीती घालायची?” दोघे हसले. मला मात्र हसू आलं नाही.

नीलम्माने मला सोडवायला पाच अर्ज केले, सगळे हाताने लिहून. तिने त्या दिवशी लिहिलेला कागद अखेर कुणीतरी नीट वाचला आणि १९७७ च्या जुलैत मी घरी आलो. तिने घासलेटात फडकं बुडवून माझा एकेक खिळा पुसला.

तेव्हा मला सगळं कळलं. बसप्पांची कोर्टातली जागा गेली होती. ते रोज एस.टी.ने मंगळवेढ्याला जाऊन तिथे हाताने अर्ज लिहीत होते. आणि सोजरबाईने अंगठा नाकारल्यावर धोंडिराम आणखी दहा महिने आत राहिला. त्या दहा महिन्यांत त्याची आई नागूबाई गेली. त्याला मातीला सोडलं नाही.

सुटून आल्यावर तो एकदा आमच्या घरी आला. फार वाळला होता. बसप्पांसमोर बसला आणि म्हणाला, “तुमी वाचून दाखवलं, अण्णा. सोजरनं सांगितलं मला.”

बसप्पांनी मान वर केली नाही. “वाचलं मीच. पण धोंडिराम, टाइप पण मीच केलं होतं.”

गौरम्माने चहा आणला. धोंडिरामने आधी कप उचलून बसप्पांच्या हातात दिला, मग आपला घेतला. आई गेल्याचं त्याने काढलं नाही. सोजरबाईने बरोबर केलं की चूक, हेही कोणी बोललं नाही. गेलेले दहा महिने कुणीच परत देऊ शकत नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी नीलम्माला सनद मिळाली. आता मी तिच्या टेबलावर असतो. बसप्पा मला कधी हात लावत नाहीत. माझ्यावरची धूळ तेवढी झटकतात.

गेल्या आठवड्यात करमाळ्याहून बजाबाई नावाची म्हातारी वाटणीच्या कागदासाठी आली होती. कागद तयार झाला. नीलम्मा वाचायला लागली तशी ती म्हणाली, “वाचायचं कशापायी, बाई? तुमच्यावर इश्वास हाय की.”

“तरी ऐका,” नीलम्मा म्हणाली.

बजाबाईने हनुवटीला हात लावून ऐकलं. मधेच तिने हात वर केला. “थांबा. हितं माज्या धाकल्या बहिनीचं नाव ऱ्हायलं.”

नीलम्माने जीभ चावली आणि नवा कागद घातला.

मित्रांनो, मला तेल द्या, माझी रिबीन बदला, मला पाऊसपाण्यापासून जपा, असं मी सांगेनच. यंत्राला माया लागतेच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. मला नाही म्हणता येत नाही. मी खिळे अडकवतो, पण माणूस बोटाने ते सोडवतो. म्हणून उद्या तुम्ही मोठे व्हाल, माझ्यासमोर किंवा माझ्याहून शहाण्या एखाद्या यंत्रासमोर बसाल, तेव्हा लिहिलेलं एकदा मोठ्याने वाचा. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला ते ऐकू गेलं पाहिजे, इतक्या मोठ्याने वाचा.