आवाज असेपर्यंत

शिंप्याच्या बायकोचं गळ्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. त्यानंतर तिला कधीच बोलता येणार नाही, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. म्हणून कित्येक आठवडे ती दुखऱ्या घशाने, थांबत थांबत, लॅपटॉपवर आपली रोजची वाक्यं आणि मुलीसाठी गोष्टी रेकॉर्ड करत होती. पुढे बटण दाबलं की लॅपटॉप तिच्याच आवाजात बोलणार होता.

लॅपटॉप जुना होता, साधी फाईल उघडायलाही आढेवेढे घ्यायचा. ती दवाखान्यात दाखल झाली तेव्हा शिंप्याला वाटलं, आतली हार्ड डिस्क बदलून टाकावी, तिला शब्दासाठी ताटकळायला नको. नवी डिस्क देताना दुकानदाराने बजावलं होतं, "आधी सगळं दुसरीकडे कॉपी करा. लॅपटॉप पूर्ण बंद करा. मगच हात लावा."

पण कॉपी संपता संपेना. आयुष्यभर सुईत दोरा ओवणाऱ्या हाताला चार स्क्रूंचं काय, असं म्हणत शिंप्याने कॉपी मधेच सोडली, झाकण नुसतं मिटलं आणि लॅपटॉप पालथा घातला. आत डिस्क अजून फिरत होती. ओढताना ती बोटांतून निसटली आणि फरशीवर आपटली.

परत बसवल्यावर आतून टक टक ऐकू आलं. पडद्यावर काहीच नाही. त्याने बंद करून पुन्हा चालू केलं. मग पुन्हा. दर खेपेला वाटे, आता लागेल.

मेहुणा धावत आला. "भावोजी, फ्रीजरमध्ये ठेवून बघा. कुणीतरी सांगत होतं."

बुडत्याला काडीचा आधार. तासाभराने डिस्क दव धरून बाहेर आली. पुन्हा लावली, तर टकटकीची खरखर झाली होती.

तेव्हा कुठे दोघं डेटा काढून देणाऱ्या बाईंकडे गेले. त्यांनी बंदिस्त खोलीत डिस्क उघडून पाहिली आणि बाहेर आल्या.

"पडल्यावर किती वेळा चालू केलीत?"

शिंपी बोटांवर मोजू लागला.

"आतल्या तबकडीवर चरेच चरे आहेत. पडल्यावर तशीच ठेवली असती तर काहीतरी निघालं असतं."

"ताई, एखादं वाक्य तरी बघा ना."

"खोटी आशा नाही लावत मी. काही नाही उरलेलं."

रस्त्यावर आल्यावर मेहुणा म्हणाला, "आक्काला आत्ता सांगू नका. उद्या ऑपरेशन आहे. मागाहून सांगू."

शिंप्याने मान डोलावली. चार पावलं गेल्यावर तो जागीच थांबला. "मागाहून सांगून ती काय करेल रे? मागाहून तिला आवाज असणार आहे का?"

दवाखान्यात त्याने खाटेच्या पायथ्याशी उभं राहून सगळं सांगितलं. फ्रीजरचंही. ती ऐकत राहिली.

"कॉपी होती?" तिने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"नाही."

ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बऱ्याच वेळाने ती उठून बसली.

"फोन काढ."

"घशाला त्रास होईल गं."

"उद्यापासून गप्पच बसायचंय. काढ."

तिने आधी मुलीचं नाव घेतलं, तीनदा, वेगवेगळ्या सुरांत. मग "पाणी दे." "दुखतंय." "मला नको." "जेवलीस का?" मग नवऱ्याकडे रोखून बघत, "तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" हे तिने पुन्हा एकदा म्हणून घेतलं. शिंप्याला हुंदका आवरेना.

"रडू नकोस. फोनमध्ये तुझा आवाज येतोय."

सिस्टरने येऊन थांबवलं, तोवर अर्धे शब्द नुसती हवा झाले होते. मेहुण्याने तिथेच ते सगळं आपल्या फोनवर घेतलं, घरी जाऊन आणखी दोन ठिकाणी ठेवलं.

ऑपरेशन नीट झालं. मुलीसाठी सांगून ठेवलेल्या गोष्टी मात्र गेल्या त्या गेल्याच. आता जे त्या थोड्या वाक्यांत बसत नाही, ते ती टाइप करते आणि नवी डिस्क बसवलेला लॅपटॉप कुठल्याशा परक्या बाईच्या आवाजात वाचतो. तेव्हा शिंपी शिलाई मशीनवरचा पाय थांबवतो आणि खाली मान घालून पूर्ण ऐकून घेतो.